धरून ठेवलेली लाइन

"कार्डच जळालं असेल ना गं?" खांबेटेकाकांनी विचारलं.

मी अजून खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती.

"बघू तरी द्या, काका."

"बघ की. सावकाश बघ. पण जळू शकतं ना? परवापासून व्होल्टेज वरखाली होतंय. वरच्या खैरनारांचा फ्रिज गेला."

कॉम्प्युटर दुरुस्तीला बोलावणारी माणसं मी तोवर पुष्कळ पाहिली होती. काहीही जळलेलं निघू नये म्हणून ती देव पाण्यात घालून बसलेली असतात. हा पहिलाच गृहस्थ, ज्याला जळालेलं हवं होतं. काळा चष्मा लावलेला चेहरा माझ्या दिशेने वळवून, दोन्ही हात काठीवर ठेवून ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी नाशिकला पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होते आणि आम्हा चारपाच जणांच्या टोळक्याला विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचं वेड लागलं होतं. जो भेटेल त्याच्या कॉम्प्युटरवर आम्ही ते घालून द्यायचो. फुकट मिळतं म्हणून लोक नाक मुरडत घ्यायचे आणि अडलं की रविवारीसुद्धा फोन करायचे. सगळ्यात जास्त तक्रार एकच. आवाज येत नाही. मग आपण उन्हातान्हात जावं, तर निम्म्या वेळा स्पीकरची पिन निघालेली असायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

काकांची गोष्ट मात्र वेगळी होती. लहानपणी देवी आल्या त्यात त्यांचे डोळे गेले. पुढे एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. त्यांना शहरातले नंबर तोंडपाठ होते, आणि त्यांचा अभिमान निराळ्याच गोष्टीचा होता. ते म्हणायचे, तुटलेल्या लाइनीची शांतता आणि पलीकडे कुणी तोंडावर हात दाबून लाइन धरून ठेवल्याची शांतता, ह्या दोन वेगळ्या असतात. पहिली कोरडी असते आणि दुसरी श्वास घेते. उभ्या नोकरीत आपण ह्यात एकदाही फसलो नाही, असं ते सांगायचे.

मला त्यांच्याकडे आणलं होतं त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, केतकीने. ही पोरगी वर्षातले निम्मे दिवस हिमालयात दोराला लटकलेली असायची. "बाबांना माझी पत्रं आई वाचून दाखवते," ती म्हणाली होती, "आणि घाबरवणारं सगळं गाळते. मी लिहिते, रात्रभर कडे कोसळत होते. आई वाचते, हवा छान आहे. मला आमच्या दोघांच्या मधे कुणी नकोय."

म्हणून मी त्यांच्याकडे केबलवाल्याचं इंटरनेट घ्यायला लावलं आणि कॉम्प्युटरवर पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम बसवून दिला, म्हणजे तिची ई-मेलची पत्रं ते स्वतःच ऐकतील. त्याचा मराठी आवाज सर्दी झालेल्या शाळामास्तरासारखा होता, म्हणून बापलेकीने त्याचं नावच मास्तर ठेवलं. महिनाभरात काकांनी मास्तरला असा पळवायला घेतला की आम्हा डोळसांना नुसती गरगर ऐकू यायची. वेग वाढवायचं एक आणि कमी करायचं एक, अशी दोन बटणं मी नेमून दिली होती. पहिल्यावरचं अक्षर पुसून गेलं, दुसरं न वापरता नवंकोरं राहिलं. शैलाकाकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "अहो, काय म्हणतेय?" काका सांगायचे, "मजेत आहे." बायकोने इतकी वर्षं गाळलं त्याची ते अशी परतफेड करायचे, आणि दोघांनाही त्याची गंमत वाटायची.

त्या मे महिन्यात केतकी उत्तरकाशीच्या वरच्या एका शिखरावर गेली होती. चढाईला निघाल्यावर तिची पत्रं यायची थांबायची आणि खाली उतरली की एकदम दोनतीन यायची. काका रोज सकाळी चहाच्या आधी मास्तरला उठवायचे.

त्या सकाळी मला एका अनोळखी नंबरावरून त्यांचा फोन आला होता.

"रेवती, मी खांबेटे. इस्त्रीवाल्याच्या मोबाईलवरून बोलतोय. कॉम्प्युटरचा आवाज गेलाय. जमेल तितक्या लवकर ये."

"घरच्या फोनवरून नाही का केलात?"

"तो बंद आहे. रस्ता खोदलाय म्हणतात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू येणार हे मी घरी बोललेलो नाही. बेल वाजवू नकोस, वाजत नाही ती. मी खिडकीशी असेन."

मला हसूच आलं. म्हाताऱ्याला बायकोला न सांगता नवे स्पीकर घ्यायचे असतील असं वाटलं. पण त्यांच्या इमारतीत शिरले आणि जिन्याखाली लक्ष गेलं. तिथे चपला-बुटांची रांग होती. तळमजल्यावर काकांचं एकच घर. एवढी माणसं आली असतील तर चपला दारासमोर हव्यात. ह्या कुणीतरी मुद्दाम आडोशाला लावल्या होत्या, काठी लागणार नाही अशा जागी. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

दार काकूंनी उघडलं. त्यांचे डोळे लाल होते. उन्हाळ्यात डोळ्यांची साथ असते, मला तेच वाटलं. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मात्र साथीचं नव्हतं.

"तू कशी काय?" त्या पुटपुटल्या.

"मी बोलावलंय," आतून काका म्हणाले. "ये गं, रेवती."

तर अशी मी कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसले होते. काकांचा पुतण्या सारंग चौकटीला टेकून उभा होता. हा अंबडला एका कारखान्यात होता आणि त्याला कॉम्प्युटरमधलं बऱ्यापैकी कळायचं.

"घरात वैद्य असताना मला कशाला आणलंत?" मी चेष्टेने म्हटलं.

सारंग हसला नाही. त्याने दाढी केली नव्हती, आणि शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं.

"सारंग पहाटेच आला," काका म्हणाले. "ऑफिसचं काही छापायचं होतं म्हणून तासभर बसला ह्यावर. मी उठलो तर मास्तर मुका."

"काका, तेव्हाही आवाज नव्हताच," सारंग घाईने म्हणाला. "ताई, तुम्ही उगाच उन्हाच्या आलात. मी उद्या दुकानात नेणारच आहे."

"आलेय तर बघते."

मी स्पीकरची पिन काढून तिच्या टोकाला बोट लावलं. स्पीकर घुर्र करून बोलला. म्हणजे तो जिवंत होता. वायर धड होती, पिन योग्य भोकात होती.

"ते मी चाचपून झालंय," काका म्हणाले. "पिन, वायर, आवाजाची बटणं, सगळं. माझ्या हाताला सापडेल असं त्यात काही नाही."

मग मी आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम उघडायला गेले. लिनक्समध्ये पुष्कळदा कुठलीतरी पट्टी गुपचूप मुकी होऊन बसते, ती वर केली की काम होतं. पण प्रोग्राम उघडेचना. कार्ड सापडत नाही, म्हणाला. मी यंत्रातल्या सगळ्या भागांची हजेरी मागवली. नेटवर्कचं कार्ड होतं, पडद्याचं होतं. आवाजाचं नावच नव्हतं.

"काय दिसतंय?" काकांनी विचारलं.

"साऊंड कार्ड आहे असं त्याला वाटतच नाहीये."

"म्हणजे जळालं." काकांनी मोठा श्वास सोडला. सकाळपासून कोंडून ठेवला असावा असा तो श्वास होता. "जळालंच ते. मी म्हणत नव्हतो का, व्होल्टेज."

"जळालंच," सारंग म्हणाला. "बघा, ताईसुद्धा तेच म्हणतायत."

मी तसं म्हटलं नव्हतं. पण घरात काहीतरी बरोबर नव्हतं, आणि नेमकं काय ते मला धरता येत नव्हतं. रेडिओ नेहमीच्या जागी होता, पण त्याचं मागचं झाकण उघडं होतं आणि सेल काढलेले होते. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्या दारामागे कुणीतरी खोकला दाबला. मी सारंगकडे पाहिलं. त्याने नजर फिरवली.

"अहो, पान वाढलंय," काकू म्हणाल्या. "आधी जेवून घ्या."

"एक वाजला?"

"नाही. पण आज जरा लवकर व्हा."

काका एकच्या ठोक्याला जेवत. बँकेत लागलेली ती सवय, घड्याळ चुकेल पण ते चुकणार नाहीत. त्या दिवशी साडेअकरासुद्धा झाले नव्हते. मला वाटलं, ते नाही म्हणतील. ते काठी टेकत उठले.

"तुझंही पान घे, शैला. एकट्याला जात नाही."

"घेते ना."

काकूंनी टेबलावर दोन ताटं मांडली. मी पाठमोरी होते, मला नुसते आवाज येत होते. वाटीत वरण पडलं. आणखी भात वाढू का, लिंबू पिळू का, काकू सारखं काहीबाही विचारत होत्या. बाईचा आवाज इतका सावध होता की पुढ्यात झोपलेलं मूल असावं. मे महिना, रविवार, आणि घरात आंब्याचा वास नव्हता.

मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. सुरू होताना एक बटण दाबून धरलं की निळा पडदा येतो. तो लिनक्सच्याही आधीचा, यंत्राच्या पोटातला. कुठला भाग चालू ठेवायचा, कुठला बंद, ते तिथे ठरतं. तिथवर मास्तर पोचलेला नसतो. त्या पडद्याला वाचा नाही. आंधळ्या माणसाने कितीही बोटं चालवली तरी तिथे काय लिहिलंय ते त्याला कळायचं नाही.

आवाजाच्या कार्डासमोर लिहिलं होतं, बंद.

ते आपोआप होत नाही. आतली बॅटरी मेली की सगळं मूळपदावर येतं हे खरं, पण मूळपदावर कार्ड चालू असतं. शिवाय कोपऱ्यातलं घड्याळ अचूक वेळ दाखवत होतं, म्हणजे बॅटरीही ठणठणीत होती. कुणीतरी इथवर येऊन, बाण खाली नेऊन, कार्ड बंद करून गेलं होतं. काकांच्या हाताला सापडणार नाही अशी ह्या घरातली ही एकच जागा होती, आणि ती ज्याने शोधली त्याला डोळे होते.

मी सारंगकडे वळले. मला त्याचा संताप आला होता. आंधळ्या माणसाची ही कसली थट्टा, असं मी म्हणणार होते.

त्याने हात जोडले होते. ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज न करता. मग त्याने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. फोटोत केतकी लाल हेल्मेट घालून हसत होती. सारंगने मान हलवली, एकदा इकडे, एकदा तिकडे.

आतल्या खोलीचं दार बोटभर उघडलं. आत पलंगावर, जमिनीवर माणसं बसली होती. काकांचे थोरले भाऊ, केतकीच्या गिर्यारोहण क्लबातली मुलंमुली, वरच्या मजल्यावरच्या बाई. पंखा बंद होता, बहुतेक करकरतो म्हणून. सगळी घामाने निथळत होती आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. एक मुलगी रुमाल दातांत धरून बसली होती. ती सगळी माझ्याकडे बघून हातांनीच विनवत होती. दोन वर्षांपूर्वी काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांचे डॉक्टर संध्याकाळी येणार असतील, मग सांगायचं ठरलं असेल. तोवर पोटात चार घास जावेत, एवढंच त्यांना हवं होतं. आपल्याकडे असंच करतात. बातमी घरात आली की चूल विझते, म्हणून बातमीला दाराबाहेर थांबवतात आणि माणसाला आधी जेवू घालतात. मी त्यांना नावं ठेवू शकले नाही.

मला भीती वाटली. पाठीमागे काकांचा चमचा वाटीला लागत होता.

त्यांनी ताट स्वच्छ केलं, ताक प्यायले, चूळ भरून आले. हात पुसत माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबले. आतलं दार पुन्हा लोटलं गेलं होतं.

"रेवती, तू काही बोलत नाहीस."

"बघतेय, काका."

"मला एवढंच सांग. ते बिघडलंय की बंद केलंय?"

सारंगने पुन्हा हात जोडले. काकू ताटापाशी तशाच उभ्या होत्या, पदर मुठीत धरून.

"सकाळपासून फोन नाही," काका म्हणाले. "बेल नाही. रेडिओचे सेल संपले म्हणतात, ते मी गुरुवारी घातलेत. म्हटलं, असेल. एकेक गोष्ट असते. पण मास्तरही गेला. तेव्हा म्हटलं, हे एक जरी खरोखर बिघडलेलं निघालं, तर बाकीचंही खरं असेल. रस्ता खोदलाही असेल." ते थांबले. "ही तुटलेली लाइन वाटत नाही मला, पोरी. कुणीतरी धरून ठेवलीये. पण मी म्हातारा झालो. कान चुकतही असतील. तू डोळ्यांनी बघून सांग."

तेव्हा मला कळलं की त्यांनी मला आवाज दुरुस्त करायला बोलावलंच नव्हतं. कार्ड जळालेलं असलं तर त्यांची मुलगी जिवंत होती. एवढ्याशा गोष्टीवर ते सकाळपासून तग धरून होते.

जळालंय म्हणणं सोपं होतं. संध्याकाळपर्यंत निभावलं असतं. पण त्या निळ्या पडद्याकडे बघताना केतकीचंच बोलणं माझ्या कानात होतं. मधे कुणी नकोय.

"कार्ड चांगलं आहे, काका," मी म्हटलं.

"चांगलं आहे."

"हो."

त्यांनी टेबलाची कड धरली. मी उठून खुर्ची पुढे केली, त्यात ते बसले. सारंग पुढे झाला. "काका, ऐका. केतकी..."

"थांब." काकांनी हात वर केला. "अजून सांगू नकोस." मग आतल्या खोलीकडे चेहरा करून म्हणाले, "बाहेर या सगळे. उकडत असेल तिथे. दादा, तू आलायस, तुझ्या अडकित्त्याचा आवाज आला मला सकाळीच."

माणसं एकेक करून बाहेर आली आणि भिंतीला लागून उभी राहिली.

"शैला."

"अं?"

"तुझ्या ताटाचा आवाज आला नाही. मी शेवटच्या घासापर्यंत कान लावून होतो. तू जेवावंस म्हणून मी जेवलो, आणि तू नुसती वाढत राहिलीस."

काकूंच्या हातातला पदर सुटला. "मला जात नाही हो."

"जाणार नाहीच. पण तुझी साखरेची गोळी पोटात गेलीये. मला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. सांगितलं की ह्या घरात आज-उद्या चूल नाही. ते व्हायच्या आत दोन घास खा. मग आपण दोघं मिळून ऐकू."

काकू बसल्या. एवढ्या माणसांदेखत त्या वरणभात कालवून पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलत राहिल्या. ताटाला बोटं घासल्याचा आवाज, भांडं ठेवल्याचा आवाज, मधेच एक हुंदका, मग पुन्हा घास. काका मान कलती करून ऐकत होते. इतक्या जणांनी मिळून एका बाईचं जेवणं ऐकलेलं मी दुसऱ्यांदा कधी पाहिलं नाही. मी तिथून निघून जायला हवं होतं, पण तिथेच उभी राहिले.

काकूंनी हात धुतला आणि नवऱ्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. काकांनी चाचपून त्यांचं मनगट धरलं.

"आता सांग, सारंग."

"काल दुपारी," सारंग म्हणाला. "शिखर झालं होतं, काका. उतरताना बर्फ सुटला. गेली ती."

काकू आता मोकळ्या आवाजात रडल्या, आणि त्यांच्यामागोमाग भिंतीशी उभी असलेली मुलं. सकाळपासून दाबलेला सगळा आवाज त्या खोलीत एकदम आला. काका त्याच्या मधोमध ताठ बसून होते, फक्त त्यांचा अंगठा काकूंच्या मनगटावर फिरत होता.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "रेवती, तेवढं सुरू कर."

निळ्या पडद्यावर मी कार्ड चालू केलं, बदल राखून ठेवला. कॉम्प्युटर उठला. लिनक्स सुरू होताना वाजतो तो ढोल वाजला तेव्हा सगळे दचकले. मग मास्तर बोलायला लागला, त्याच गरगरत्या वेगात. पुष्कळ पत्रं येऊन पडली होती. सांत्वनाची असावीत, आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. काका बाण दाबत खाली खाली गेले, आणि एका ठिकाणी बोट थांबलं.

"तिचं आहे," ते म्हणाले. "चढाईला निघताना लिहिलेलं. खाली पाठवायला दिलं असेल कुणाकडे तरी."

त्यांचं बोट वाचायच्या बटणापाशी गेलं आणि परत आलं. मग त्यांनी ते नवंकोरं बटण शोधलं, वेग कमी करायचं. एकदा दाबलं. पुन्हा दाबलं. दाबत राहिले, मास्तर एकेक शब्द सुटा उच्चारेपर्यंत.

"बस इथे, शैला," ते म्हणाले. "आता तुलाही कळेल."

"प्रिय बाबा," मास्तरने सुरुवात केली. पत्र लहानच होतं. रात्रभर कडे कोसळत होते, तिने लिहिलं होतं, आणि मला भीती वाटली. काकू तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. ह्या वेळी कुणी काही गाळलं नाही.